पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन: घ्यावं का, कसं पारखावं, कसं लावावं

प्रीमियर पद्मिनी धूर सोडू लागली, घाटात दम टाकू लागली की गॅरेजमधला पहिला सल्ला ठरलेला असतो: "११८ एनईचं इंजिन टाका, साहेब. लोण्यासारखी पळेल." सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे. ते इंजिन पद्मिनीला खरंच शोभतं. पण नुसतं इंजिन उचलून आणलं तर निम्मे पैसे लेथवाल्याकडे जातात आणि गाडी सहा महिने घोडीवर उभी राहते. आमचं मत आधीच सांगून टाकतो: गिअरबॉक्ससकट पूर्ण संच मिळत असेल तर घ्या, नाहीतर मूळ इंजिन नीट बांधून घ्या.

दोन्ही इंजिनं एकाच घरची म्हणायची. पद्मिनीही प्रीमियर ऑटोमोबाइल्सची आणि ११८ एनईही. पद्मिनीतलं इंजिन फियाटचं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिमी, १०८९ सीसी, ४० च्या आसपास अश्वशक्ती, क्रँकला, म्हणजे पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, तीन मेन बेअरिंगं. १९८५ साली आलेल्या ११८ एनईचं अंग फियाट १२४ चं, पण पोटात निस्सानचं ए-१२: बोअर ७३, स्ट्रोक ७०, ११७१ सीसी, ५० च्या आसपास अश्वशक्ती आणि पाच मेन बेअरिंगं. दोन्ही पुशरॉडवाली, दोन्हींना बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड, दोन्हींचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. शेवटच्या काळात तर कंपनीनंच पद्मिनीच्या एस-१ मॉडेलला निस्सानचा, खाली दांडा असलेला गिअरबॉक्स दिला होता. म्हणजे ही सोयरीक काही गॅरेजवाल्यांनी शोधून काढलेली नाही.

कागदावर फरक ८२ सीसीचा दिसतो. गाडीत जाणवतो तो मात्र स्ट्रोकचा आणि बेअरिंगांचा. फियाटचं इंजिन लांब स्ट्रोकचं, त्यामुळे ते खालूनच ओढतं. टॉप गिअरमध्ये ३० च्या वेगानं रेंगाळणाऱ्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबला तरी ते कुरकुर न करता उचलतं. निस्सानच्या इंजिनाला फिरायला आवडतं. २,००० आरपीएमच्या खाली ते जरा पोकळ वाटतं, ३,००० च्या पुढे मोकळं होतं आणि पाच बेअरिंगांमुळे ४,५०० लाही थरथरत नाही. शहरात, सावकाश, गिअर न बदलता चालवायची सवय असेल तर या बदलातून तुम्हाला फारसं काही मिळणार नाही. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यानं किंवा कोकणात उतरून परत वर येणं होत असेल, तर बोरघाटात आणि कशेडीत फरक पहिल्या वळणावर कळतो.

आधी मूळ इंजिनाचा पंचनामा

इंजिन "गेलं" म्हणजे नेमकं काय गेलं, हे मोजल्याशिवाय बदलाचं बोलू नका. मोजायला चार गोष्टी लागतात: कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज, सरळ पट्टी आणि लेथवाल्याकडचा डायल.

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे सेल्फ मारा. चारही आकड्यांतला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर खालचं अंग शाबूत आहे. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर वॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली आले असतील तर मधलं हेड गॅस्केट. पद्मिनीत बऱ्याचदा दुखणं वॉल्व्ह गाइडमध्येच सापडतं: सकाळी सुरू करताना निळा धूर, घाट उतरून पुन्हा रेस दिली की निळा धूर, एरवी काही नाही. एवढंच असेल तर हेडचं काम करा. अख्खं इंजिन बदलणं म्हणजे पायात काटा मोडला म्हणून पाय बदलणं.

हेड काढलंच आहे तर त्यावर सरळ पट्टी लांबीला आणि दोन्ही कर्णांवर धरा. खालून ०.०५ मिमीचं फीलर सरकलं तर हेड फेसिंगला द्या. क्रँक बाहेर आला असेल तर जर्नल दोन दिशांनी मोजा, ०.०५ मिमीहून जास्त लंबगोल असेल तर ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेअरिंग. बोअरच्या बाबतीत एकच नियम: आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर करा. दुकानदार "०.४० मिळतं" म्हणाला म्हणून ब्लॉक ०.४० ला, म्हणजे मूळ मापाहून ०.४० मिमी मोठा, कापून घ्यायचा आणि मग बाजारात फक्त ०.६० चे पिस्टन निघायचे, हा प्रकार जुन्या गाड्यांत रोजचा आहे. शिवाय प्रत्येक पिस्टन मोजून त्या-त्या बोअरला जोडी लावून घ्यायची असते. त्यासाठीही पिस्टन आधीच लागतो.

ब्लॉकला तडा, फिरलेला बेअरिंग आणि ग्राइंडिंगच्या पलीकडे गेलेला क्रँक, किंवा आधीच शेवटच्या ओव्हरसाइजला गेलेला, स्लीव्हही सैल झालेला बोअर: एवढं झालं असेल तर बदली इंजिनाचं बोलणं रास्त.

बाजारात पारखताना

मुंबईत अशी इंजिनं बघायची तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. इंजिन बहुतेक वेळा जमिनीवर, पावसानं धुतलेलं आणि वरून काळा रंग फासलेलं असतं. रंगाकडे बघू नका. तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवा: काळं तेल चालेल, चिकट काळी पेंड चालणार नाही, आणि दुधाळ चहासारखा फेस दिसला तर पाणी तेलात गेलंय, पुढच्या दुकानात चला. क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून दोन पूर्ण फेरे हातानं फिरवून बघा. एका जागी घट्ट आणि मग सैल होत असेल तर सिलिंडरात गंज धरलाय. पुली आत-बाहेर ढकला. हाताला ठक असं जाणवलं तर थ्रस्ट बेअरिंग खलास. या जागेवरची मूळ मोकळीक अगदी बारीक असते, ती हाताला जाणवायलाच नको.

ए-१२ च्या खास जागा तीन. टायमिंग चेन ढिली झाली की सुरू करताना पुढून साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो. बंद इंजिनावर बघायचं तर क्रँक थोडा पुढे, थोडा मागे फिरवा आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर हलायला किती वेळ घेतो ते पाहा. दुसरी जागा म्हणजे ब्लॉकच्या बगलेतले पत्र्याचे गोल प्लग. नळाचं पाणी भरून चालवलेल्या इंजिनात ते आतून सडतात आणि इंजिन बसल्यावर मागचा प्लग बदलायला हात जात नाही, म्हणून सगळे बाहेरच बदलून घ्या. तिसरी जागा डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट. रोटर आडवा हलवून बघा. शाफ्ट लटपटत असेल तर पॉइंटचा गॅप दर फेरीला बदलतो आणि मग कार्बोरेटरला कितीही छळा, आयडलिंग बसत नाही.

विकत घ्यायचं ते असं: इंजिन, बेल हाऊसिंग, गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, क्लचचा फोर्क, सेल्फ, अल्टरनेटर त्याच्या ब्रॅकेटसकट, दोन्ही मॅनिफोल्ड, कार्बोरेटर एअर क्लीनरसकट, इंजिनाच्या बाजूची फाउंडेशनं, गिअरबॉक्सचं मागचं फाउंडेशन, गिअरचा दांडा आणि प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा योक (गिअरबॉक्सात शिरणारं टोक). शेवटची वस्तू दुकानदार हमखास विसरतो. तो योक नसेल तर गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांची भेट घडवायला वेगळा नग घडवावा लागतो, आणि तो कधीच पूर्ण केंद्रात बसत नाही.

बिल घ्या. बिलावर इंजिन नंबर हवा, ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते आणि आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. दुसऱ्या जातीचं इंजिन असल्यामुळे मंजुरी आधी, काम नंतर, हाच क्रम ठेवा. नंबर घासलेला असेल तर इंजिन फुकट मिळालं तरी महाग आहे. विमा कंपनीलाही कळवा.

बसवताना

सगळ्यात मोठा प्रश्न गिअरबॉक्सचा. पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगवर, ११८ चा खाली. निस्सानचा बॉक्स लावलात की जमिनीत भोक, मध्ये दांडा आणि पुढच्या सोफ्यावर मधे बसणाऱ्याच्या गुडघ्याला गिअर. कुणी म्हणेल, "अडॅप्टर प्लेट करून फियाटचाच बॉक्स ठेवू, स्टीअरिंगचा गिअर राहील." होतं, पण आम्ही याच्या विरोधात आहोत. प्लेट १० मिमीची केली की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या मागच्या टोकातल्या पायलट बुशमध्ये तेवढाच कमी शिरतो. लेथवर बुश लांब करून ते भागवता येतं, पण क्रँकचा मध्य आणि बॉक्सचा मध्य यांच्यात फरक राहिला तर क्लच सोडताना थरथर, काही महिन्यांत पायलट बुश खलास आणि मग टॉप गिअर आपोआप सुटणं. फ्लायव्हीलवर डायल लावून बेल हाऊसिंगचं मधलं भोक फिरवून मोजा. पूर्ण फेऱ्यात काटा ०.१५ मिमीच्या आत राहिला पाहिजे. इतकी खात्री देणारा लेथवाला तुमच्या ओळखीचा असेल तरच या वाटेला जा.

इंजिन आत सोडण्याआधी संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, बघा. पुढच्या क्रॉसमेंबरपासून आणि स्टीअरिंगच्या दांड्यांपासून निदान १५ मिमी मोकळं हवं, कारण रबरी फाउंडेशनवर इंजिन रेस देताना कलतं. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, गाडी चाकांवर उभी असताना. घोडीवर उभ्या गाडीत सगळं मोकळं दिसतं आणि रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात संप क्रॉसमेंबरवर आपटतो. संप कापून वळवून घ्यायचा झाला तर ऑइल पंपाची जाळी नव्या तळापासून ६ ते १० मिमीवर येईल अशी वाकवून घ्या. वळण घेताना ऑइलचा दिवा लुकलुकतो तो याच जाळीमुळे, पंपामुळे नाही.

इंजिन मागच्या बाजूला दोन-तीन अंश उतरतं ठेवा आणि मागच्या एक्सलचा पिनियन तेवढाच उलटा वर बघणारा असू द्या. दोन्हींतला फरक एका अंशाच्या आत. मोबाइलवरचं लेव्हलचं अॅप या कामाला पुरतं, फक्त फोन सपाट मशिन केलेल्या जागेवर टेका, रंगावर नको. प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाला कापला की बॅलन्सिंग केलंच पाहिजे. योक पूर्ण आत ढकलून २० ते २५ मिमी मागे, हे त्याचं माप. मधल्या बेअरिंगचं रबर फाटलेलं असेल तर आत्ताच बदला. ६० च्या वेगाला येणारी गुणगुण नंतर लोक इंजिनाच्या माथी मारतात.

एक्सलचं गुणोत्तर किती, यावर पुढची सगळी मजा अवलंबून आहे. ते मोजायला मागचं एकच चाक उचला, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. आला तो आकडा म्हणजे गुणोत्तर. समजा ४.३ आलं आणि टायर मूळ ५.२०-१४ आहेत, तर टॉप गिअरमध्ये, तो एकास एक असताना, दर हजार आरपीएमला साधारण २५ किमी वेग मिळतो. म्हणजे ८० ला इंजिन ३,१०० च्या पुढे. ए-१२ ला हे मानवतं, फियाटच्या तीन बेअरिंगांना तासन्‌तास नाही मानवत. पाच गिअरचा बॉक्स हाती लागला तर तो घ्या, हायवेवर फरक कानालाच कळतो. स्पीडोमीटरची केबल नव्या बॉक्सच्या दातांवर चालणार, त्यामुळे काटा खोटं बोलेल. जीपीएस लावून ४०, ६० आणि ८० ला काट्याचा फरक लिहून ठेवा.

आता एक लहानशी पट्टी. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची जाड विणलेली तांब्याची पट्टी. इंजिन रबरावर बसलेलं, म्हणजे विजेला परतीचा रस्ताच नाही. पट्टी लावायची राहिली तर सेल्फ मारताना सगळा करंट चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जायचा प्रयत्न करतो. केबल हातात धरवत नाही इतकी तापते, वरचं प्लास्टिक वितळून तार आत चिकटते आणि अॅक्सिलरेटर अडकतो. सेल्फ अर्धवट फिरतो म्हणून लोक नवी बॅटरी आणतात. पट्टी नवी घ्या, दोन्ही टोकांचा रंग खरवडून चकचकीत धातूवर बोल्ट आवळा.

मीटरमधला तापमानाचा काटा फियाटचा असेल तर सेन्सरही फियाटचाच ठेवा, निस्सानच्या हेडला आटा जुळवून. दोन वेगळ्या कंपन्यांचे सेन्सर-काटा एकमेकांची भाषा बोलत नाहीत. काटा मध्यावर दिसत असताना हेड उकळलेलं असू शकतं.

उष्णतेचं गणित

अॅल्युमिनियमचं हेड एकदा उकळलं की वाकतं, म्हणून रेडिएटरवर कंजुषी नको. मूळ रेडिएटर ठेवायचा तर कोअर नवा भरून घ्या. पंख्याचं पातं आणि कोअर यांच्यात निदान २५ मिमी अंतर सोडा. पंखा मध्यापासून फार खाली बसत असेल तर यांत्रिक पंखा काढून १२ इंची विजेचा लावा, ९२ अंशांना सुरू होणाऱ्या थर्मोस्विचवर. त्याला रिले आणि वेगळा फ्यूज हवा, आणि मग डायनमो असेल तर तो काढून अल्टरनेटर. ट्रॅफिकमध्ये आयडलिंगला डायनमो पंखा, दिवे आणि इग्निशन तिन्ही पोसू शकत नाही.

थर्मोस्टॅट काढून फेकणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे. "आपल्या हवेला काय करायचाय?" असं म्हणून तो काढला जातो. मग इंजिन ६० अंशांवरच फिरत राहतं, मिश्रण जाड ठेवावं लागतं, पेट्रोल रिंगांवरून तेलात उतरतं, तेल पातळ होतं. ८२ अंशांचा बसवा. बसवण्याआधी भांड्यात पाणी तापवून तो उघडतोय का बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेनं पेट्रोलची वाफ होऊन नळी अडणं, हा पद्मिनीचा जुना आजार. दुपारी दोनला सिग्नलवर गाडी बंद पडते, पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळलं की पंधरा मिनिटांत सुरू होते. नव्या इंजिनातही पंप गरम ब्लॉकच्या बगलेतच, त्यामुळे आजार बरोबर येतो. फडक्यापेक्षा टिकाऊ उपाय: कार्बोरेटरखाली ८ ते १० मिमी जाडीचा बेकेलाइटचा ठोकळा, एक्झॉस्ट आणि पंपामध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी, आणि पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून चार बोटं दूर. विजेचा पंप लावणार असाल तर २ ते ३.५ पीएसआयचा घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर फ्लोटची सुई उचलली जाते आणि कार्बोरेटर वरून वाहतो.

ट्यूनिंग

इथे घाई केली की वरचं सगळं वाया. क्रम मोडू नका: टॅपेट (वॉल्व्ह आणि रॉकर यांतली फट), मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा स्विच), मग टायमिंग, शेवटी कार्बोरेटर. उलट क्रमानं केलं तर प्रत्येक पायरी मागची पायरी बिघडवते.

हेड काढलेलं असेल तर आधी बोल्ट. ए-१२ च्या हेडचा एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा बारीक असतो, कारण त्या भोकातून रॉकरसाठी तेल वर जातं. तो त्याच जागी परत गेला पाहिजे. जाड बोल्ट तिथे ठोकला तर रॉकर कोरडे राहतात आणि आठवड्याभरात वर टकटक सुरू होते. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं. टॅपेट गरम इंजिनावर, इनलेट-एक्झॉस्ट दोन्ही ०.३५ मिमी, थंडच लावायचे असतील तर ०.२५. हे निस्सानचेच डॅटसन १२०० या ए-१२ वाल्या गाडीसाठीचे आकडे आहेत. फीलर ओढताना वहीच्या कागदांमधून पट्टी ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. आवाज येतो म्हणून टॅपेट घट्ट करणारे मिस्त्री एक्झॉस्ट वॉल्व्ह जाळतात. टकटक करणारा टॅपेट त्रास देतो, घट्ट टॅपेट हेड मागतो.

पॉइंटचा गॅप ०.४५ ते ०.५५ मिमी; ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) मोजायचं मीटर असेल तर ४९ ते ५५ अंश. कॉइल कोणती आहे ते मल्टिमीटरनं बघा: प्रायमरी ३ ओमच्या आसपास असेल तर थेट बॅटरीवर, १.५ असेल तर बॅलास्ट रेझिस्टर हवाच. तो विसरला की पॉइंट दोन महिन्यांत निळे पडून जळतात आणि कंडेन्सरला उगाच शिव्या बसतात.

टायमिंग व्हॅक्यूमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून, ७०० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ५ ते ७ अंश आधी ठेवा. टायमिंग लाइट नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकापासून अर्थला लावा, इग्निशन चालू ठेवून क्रँक हातानं फिरवा. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडला. मग ३,००० च्या पुढे रेस देऊन बघा: एकूण आगाऊपणा ३० अंशांच्या आसपास थांबला पाहिजे. टायमिंगची खूण जागची हललीच नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं गंजून बसलीत. अशी गाडी आयडलिंगला सुरेख वाटते, चढावर मरते आणि सायलेन्सर लाल करते. वजनं काढून साफ करा, दोन थेंब पातळ तेल द्या, स्प्रिंगा ताणू नका. टॉपमध्ये ४० वरून चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर खडखड नॉकिंग आलं तर एकेक अंश मागे घ्या.

कार्बोरेटर शेवटी, आणि त्यात आता इथेनॉलचा हिशेब आलाय. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ चालतं. जेटचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं तर व्यास चारेक टक्के वाढतो. ११० चा मेन जेट असेल तर ११५ चा लावून बघा. तारेनं भोक मोठं करू नका, ते गोल राहत नाही. खूण अशी: ७० च्या वेगानं पाच किमी चालवा, इग्निशन बंद करून क्लच दाबून बाजूला थांबा आणि प्लग काढा. पांढरा खडूसारखा असेल तर पातळ, काजळी असेल तर जाड, बिस्किटाच्या रंगाचा हवा. पंपाचा पडदा, फ्लोटची सुई आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. जुनी काळी नळी आतून सोलते, तिचे कण स्लो जेटमध्ये बसतात आणि गाडी सिग्नलला बंद पडायला लागते. तेव्हा कुणी टायमिंगला हात लावू नये.

आयडलिंगसाठी मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. मिश्रणाचा स्क्रू काटा सर्वांत वर जाईपर्यंत फिरवा, मग पाव फेरा आत. काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर राहिला तर काम झालं. काटा ठराविक लयीत झटका खात असेल तर एखादा वॉल्व्ह बसत नाही, तुमचा स्क्रू निर्दोष आहे.

ऑइल २०डब्ल्यू-५०, पहिला बदल ५०० किमीला, फिल्टरसकट. नवे पिस्टन-रिंगा असतील तर पहिले ५०० किमी सलग एकाच वेगानं चालवू नका. अॅक्सिलरेटर द्या-सोडा, द्या-सोडा, म्हणजे रिंगा बोअरला बसतात.

दुसरी उमेदवार इंजिनं थोडक्यात. मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन हलकं, जोमदार आणि सुट्या भागांना सोपं. पण इंजेक्शनवालं घेतलं तर वायरिंग, संगणक, परतीची पेट्रोल नळी असं सगळं नव्यानं ओढावं लागतं, आणि ८० अश्वशक्ती चारही ड्रम ब्रेकांच्या पद्मिनीत टाकणं शहाणपणाचं नाही. पद्मिनीच्याच १३७डी या मॉडेलचं १.४ डिझेल कंपनीनंच दिलेलं, म्हणून बसतं सहज, पण भाग मिळायची मारामार आणि आवाज ट्रॅक्टरचा. ए-१२ साठीही ब्रेक जसेच्या तसे सोडू नका: नवे व्हील सिलिंडर, नवी मास्टर किट, ड्रम टर्निंग आणि नवं फ्लुइड एवढं तरी कराच.

ए-१२ पूर्ण संचासकट, कागदपत्रांसकट मिळालं तर आमच्याकडून पाचपैकी चार. नुसता ब्लॉक आणि हेड मिळत असेल तर दोन, तेही दयेनं.

आणि मूळ १०८९ भंगारात देऊ नका. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, आणि अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. पहिल्या पद्मिन्या आता त्या वयाला पोचल्यात. त्यामुळे काढलेलं इंजिन पाणी पूर्ण काढून, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरात दोन चमचे ऑइल घालून, प्लग परत लावून, मॅनिफोल्डची तोंडं फडक्यानं बंद करून लाकडी पाटावर ठेवा, जमिनीवर नाही. नंबर कोरलेल्या जागेवर ग्रीस चोपडा, आणि महिन्यातून एकदा क्रँक सव्वा फेरा फिरवा, म्हणजे पिस्टन दरवेळी वेगळ्या जागी थांबतील.